शाल नको, नाव द्या

गावाचे नाव लिहीत नाही. वारणाकाठचे आहे एवढे पुरे. तिथल्या शाळेच्या मागे एक फायबरची नाव उपडी पडली आहे. तिच्या तळाला माणूस आत जाईल एवढे भगदाड आहे. त्यात आता कोंबड्या बसतात. जुलै 2021 च्या पुरात हीच नाव दोन दिवस गावातली माणसे बाहेर काढत होती. तिसऱ्या दिवशी पाण्याखाली गेलेल्या विजेच्या खांबावर आदळून ती फाटली. नावेत त्या वेळी एक बाळंतीण, तिची सासू आणि आपली चार पोरे होती. सगळे वाचले. नाव गेली, इंजिन वाहून गेले.

त्या पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर पोरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र. सत्काराची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करते. मला वाटले, बौद्धवाड्यातली तीन आणि भोई समाजातली दोन पोरे सगळ्या गावासमोर मानाने उभी राहतील, तर तेवढेच बरे. कार्यक्रम संपल्यावर त्यातल्या एकाच्या आईने मला बाजूला घेतले. म्हणाली, "ताई, शाल चांगली हाय. पण बचत गटाचा हप्ता दहा तारखेला भरायचा हुता, त्यो कोण भरणार?"

तेव्हा मला कळले की नाव घेताना साठ हजार रुपये या बाईच्या नावावर उचलले होते. उरलेली वर्गणी पोरांनी ऊसतोडीच्या आणि सेंट्रिंगच्या मजुरीतून घातली होती. एम.ए.ला मी सामाजिक भांडवल या विषयावर बारा पानांचे उत्तर लिहिले होते. ते भांडवल कुणाच्या आईच्या नावावर कर्ज म्हणून असते, हे त्या बारा पानांत कुठेच नव्हते.

यांना नाव घ्यावीशी का वाटली, हेही सांगितले पाहिजे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फूट ओलांडले. आमच्या भागात लोक काहिलीत आणि ट्रकच्या इनरवर बसून बाहेर पडत होते. काहील म्हणजे गूळ करायची कढई. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली आणि बायका-मुले बुडाली. ती नाव ग्रामपंचायतीची होती. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, अंगात लाइफ जॅकेट नव्हते, हे सगळे छापून आले. पण सरकारी बोट वेळेवर पोहोचली असती तर एवढी माणसे त्या एका नावेत का चढली असती, हा प्रश्न दोन दिवसांत विरून गेला. त्या बातम्या वाचून आमच्या पोरांनी ठरवले की पुढच्या पुरात कुणाची वाट पाहायची नाही.

आता कागदाकडे वळू. पंचनाम्याला आलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, नाव कुणाच्या नावावर? पावती जुन्या मालकाच्या नावाची. दुसरा प्रश्न, मच्छीमार संस्थेचे सभासद आहात का? नाही. मग विषय संपला. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत नावेसाठी तरतूद आहे, पण ती मच्छीमारांसाठी. 2015 च्या निकषांत पूर्ण मोडलेल्या नावेला 9,600 रुपये आणि दुरुस्त होण्यासारखीला 4,100 रुपये होते. 2022 नंतर ते अनुक्रमे 15,000 आणि 6,000 झाले. एवढ्या पैशात नाव सोडा, वापरलेले इंजिनही मिळत नाही. शिवाय दुसऱ्यांना वाचवताना जिची नाव मोडली, अशी व्यक्ती या निकषांना माहीतच नाही. 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकाला प्रशिक्षण आहे, साहित्य आहे, विमाही आहे. पण तो विमा माणसाचा आहे, त्याच्या नावेचा नाही.

काही मित्र म्हणतात, स्वयंसेवा म्हटल्यावर भरपाई कसली? हा प्रश्न विचारणाऱ्याचा पगार बहुधा एक तारखेला होतो. केरळमध्ये ऑगस्ट 2018 च्या महापुरात साडेचार हजारांच्या आसपास मच्छीमार स्वतःच्या नावा ट्रकवर घालून आले आणि सरकारी आकड्यानुसार सुमारे 65 हजार माणसे त्यांनी काढली. त्यांची वाहवा झाली. सरकारने नावेमागे दिवसाला 3,000 रुपये, इंधन आणि मोडलेल्या नावांची दुरुस्ती जाहीर केली. काहींनी पैसे नको म्हणून सांगितले, तो त्यांचा मोठेपणा. पण सरकारने देऊ करणे हा मोठेपणा नव्हता, ते देणेच होते. त्याच पुरात एका ब्राह्मण कुटुंबाने ख्रिस्ती मच्छीमारांच्या नावेत चढताना 'आम्हाला शिवू नका' असे बजावल्याची बातमी आली होती. पाणी गळ्याशी आले तरी जात बुडत नाही. आमच्या गावात असे कुणी बोलले नाही. पण पूर ओसरल्यावर मेलेली जनावरे उचलायला कुणाला बोलावले, ते मी पाहिले आहे. नाव चालवणाऱ्या पाचांपैकी तिघांना.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो आणि तो मी गंभीरपणे घेते: वर्गणी काढून नाव दिली की सरकार सुटते. खरे आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी झाली, आणि पूर हा दैवाचा नसून नियोजनाचा प्रश्न आहे ही त्यामागची भूमिका होती. तेव्हा मागणी सरकारकडेच करायची. नाव गावाच्या नावावर नोंदवून घ्या, तिचा विमा ग्रामपंचायतीने भरावा, बचावात मोडली तर पंचनामा मच्छीमारीच्या रकान्यात नव्हे तर बचावाच्या रकान्यात व्हावा. त्यासाठी तहसीलमध्ये बसायला मी तयार आहे, बसलेही आहे. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत त्या बाईचा हप्ता थांबत नाही. मोर्चा आणि वर्गणी यांत एकच निवडा असे कुणी सांगितले?

आणि जयंतीला आमच्या तालुक्यात एका मंडळाचा डीजेचा खर्च किती होतो, ते मी इथे लिहीत नाही. मंडळांना माहीत आहे.

मात्र पैसे गोळा करून नाव आणून टाकली म्हणजे काम झाले, असेही नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर संस्थांनी इतक्या नावा वाटल्या की काही ठिकाणी आधी होत्या त्यापेक्षा जास्त झाल्या. आणि दुसऱ्याच्या नावेवर किंवा मिठागरात मजुरी करणारे दलित मदतीच्या यादीबाहेर राहिले, कारण त्यांचे बुडालेले काही दाखवता येत नव्हते. म्हणून आधी विचारावे लागते. आम्ही विचारायला दीड वर्ष उशीर केला.

विचारले तेव्हा जे निघाले ते पैशाचे नव्हतेच. सुकाणूवर त्या दिवशी जो होता तो नदीकडे जाणे सोडून बसला होता. बाकीचे त्याला तोंडावर काही बोलत नव्हते, पण पाठीमागे 'खांब दिसत हुता' म्हणत होते. दोघांनी एकमेकांच्या घरी जाणे टाकले होते. जीव वाचवलेल्या पोरांची अशी अवस्था होईल, हे सत्कारात शाल घालणाऱ्या कुणाच्याच ध्यानी आले नाही, माझ्याही नाही. मग विहारात पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही थांबू लागलो. कुणी भाषण करायचे नाही, प्रत्येकाने त्या तिसऱ्या दिवसाचे आपल्याला आठवते तेवढे सांगायचे. भोई पोरेही येत. चौथ्या बैठकीला ती बाळंतीण आली, मूल चालायला लागले होते. तिने सांगितले की खांब पाण्याच्या वर नव्हता, कारण ती पुढे बसली होती आणि तिलाही दिसला नव्हता. सुकाणूवाला काही बोलला नाही. उठून बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला. बऱ्याच वेळाने आत आला.

बचत गटाचे कर्ज गेल्या मार्चमध्ये फिटले. त्यातले एकतीस हजार वर्गणीचे, बाकीचे त्या आईनेच खुरपणीच्या मजुरीतून भरले आहेत आणि ते तिला परत करायचे आहेत. फायबरचे काम करणाऱ्या मिस्त्रीने तळ पाहून ठेवला आहे, साहित्य आपण दिले तर तो मजुरी अर्धी घेणार आहे. जुने इंजिन एक बघितले आहे, त्याला बावीस हजार कमी पडतात. या वेळी पावती पाचही जणांच्या नावाने करायची आणि ग्रामसभेच्या ठरावात नावेची नोंद घालून घ्यायची. ग्रामसभा पुढच्या गुरुवारी आहे. मृग त्यानंतर अकरा दिवसांनी लागतो.