शेजारच्या टाकीत काय आहे?

'खाते' हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. वाण्याकडचे खाते, बँकेतले खाते आणि सरकारचे खाते. पहिल्या दोहोंत आपण महिन्याकाठी डोकावून पाहतो. तिसऱ्याकडे मात्र गळ्याशी आल्याखेरीज फिरकत नाही. त्यातून पर्यावरण खाते म्हणजे जूनमध्ये झाडे लावा म्हणणारे, भाद्रपदात शाडूची मूर्ती घ्या म्हणून सांगणारे आणि ऐन दिवाळीत मुलांच्या हातातला सुतळी बॉम्ब काढून घेऊ पाहणारे, अशीच आपली समजूत. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या आत्याबाईंसारखे! बोलणे रास्त, पण ऐकतो कोण?

या आत्याबाईंच्या पदरी आणखी एक काम आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. कारखान्यातून विषारी वायू सुटला किंवा रसायनाची टाकी फुटली, म्हणजे अग्निशमन दलाचे बंब धावतात, पोलीस धावतात, डॉक्टर धावतात. हे आपल्याला दिसते. पण केंद्र सरकारच्या कारभारात रासायनिक आपत्तीचे पालकत्व दिलेले आहे ते पर्यावरण मंत्रालयाला. तुम्ही म्हणाल, झाडे लावणाऱ्यांचे तिथे काय काम? तर त्याचे उत्तर भोपाळमध्ये आहे.

१९८४ सालच्या डिसेंबरातली दोन आणि तीन तारखांमधली ती रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या एका टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. सरकारने सुरुवातीला जाहीर केलेला मृतांचा आकडा २,२५९ होता. पुढे तो वाढतच गेला. मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत अस्वस्थ करते ती भोंग्याची गोष्ट. लोकांना सावध करणारा मोठा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. किरकोळ गळतीने आसपासचे लोक उगाच घाबरू नयेत, अशी तिथली रीत होती! पुन्हा तो जोराने वाजला तेव्हा वायू वस्तीत शिरलेला होता. माणसे झोपेतून उठली आणि धावत सुटली. कित्येक जण वारा ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला धावले, म्हणजे वायूच्या सोबतीनेच धावले. ओला कपडा नाकातोंडावर धरला असता तर पुष्कळांना आधार झाला असता. पण हे त्यांना आधी कोणी सांगितलेले नव्हते. इस्पितळातल्या डॉक्टरांनाही वायू कोणता, त्यावर उपाय कोणता, हे धड कळलेले नव्हते.

इशारा कोणी दिलाच नव्हता असेही नाही. राजकुमार केसवानी नावाचे तरुण पत्रकार १९८२ पासून आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून या कारखान्याविषयी ओरडून सांगत होते. पण साप्ताहिकातला लेख म्हणजे काही सरकारी आदेश नव्हे. दिल्लीत १९८० साली पर्यावरण विभाग निघाला होता, पाण्याचा आणि हवेचा असे दोन कायदेही होते. परंतु कारखान्यात कोणते विष किती साठवले आहे हे शेजाऱ्याला कळले पाहिजे, असे ठामपणे बजावणारा कायदा नव्हता.

भोपाळने तो करायला लावला. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली १९८९ साली घातक रसायनांच्या साठवणीचे नियम झाले आणि १९९६ साली रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीचे. नियम म्हटले की वाचकांच्या कपाळाला आठी पडते हे मी जाणतो. वर्गात व्याकरण काढले की माझ्यासमोर हेच घडते. पण हे नियम वाचनीय आहेत. कारखान्याच्या आवारातली योजना कारखानदाराने करायची आणि तिची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायची. आवाराबाहेरची, म्हणजे तुमच्याआमच्या घरांची योजना जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी करायची आणि तिची तालीम वर्षातून एकदा तरी घ्यायची. दिल्लीत पर्यावरण सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक गट, राज्यात मुख्य सचिवांचा, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आणि औद्योगिक वसाहतीपुरता एक स्थानिक गट. जिल्ह्याच्या गटाने दर ४५ दिवसांनी भेटायचे, स्थानिक गटाने दरमहा. आमच्या सौ. म्हणाल्या, ''आमची भिशीसुद्धा इतक्या नेमाने होत नाही!''

आणि या सगळ्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची ओळ अशी की, अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचेल अशा आवाराबाहेरच्या लोकांना धोका कोणता आणि काय करावे, काय करू नये, हे कारखानदाराने आधी कळवले पाहिजे. स्थानिक गटाने त्याला त्या कामी मदत केली पाहिजे. शिवाय कोणी माहिती मागितली तर या गटांनी ती दिली पाहिजे. शेजाऱ्याचा असा मान कायद्याने क्वचितच राखला असेल.

आता कागदावरून खाली उतरू या. आमच्या गावाच्या अंगाला औद्योगिक वसाहत आहे. गेल्या वर्षी आषाढात एका रात्री अकराच्या सुमारास एकाएकी उग्र, डोळे चुरचुरवणारा वास आला. आमच्या इमारतीत काय झाले म्हणता? पहिल्या मजल्यावर खिडक्या धडाधड लागल्या. दुसऱ्या मजल्यावर मोकळी हवा यावी म्हणून त्या सताड उघडल्या गेल्या. एक कुटुंब मुलांना कडेवर घेऊन गच्चीत गेले, दुसरे मोटार काढायला खाली धावले. जिन्यात दोघांची गाठ पडली आणि वाट कोणी द्यावी यावर बोलाचाली झाली. प्रत्येक जण आपापल्या माणसांच्या मायेपोटीच धडपडत होता, आणि प्रत्येकाचे निराळे चालले होते. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने मला विचारले, ''अरे, नक्की करायचं तरी काय?''

उत्तर दिले ते तळमजल्यावरच्या आजोबांनी. त्यांची तीस वर्षे रसायनांच्या कारखान्यात गेली. ते जिन्याच्या तोंडाशी आले, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले लुगडे कुठे फडफडते ते त्यांनी पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ''मोटार नको, गर्दी नको. सगळे आत चला. दारं-खिडक्या लावा, पंखे बंद करा, ओला पंचा नाकाशी धरा. बाहेर पडायची वेळ आलीच तर वाऱ्याला आडवे चला, वाऱ्याबरोबर धावू नका.'' तासाभरात वास ओसरला. कोणाला काही झाले नाही. वास कसला होता ते मात्र दुसऱ्या दिवशीही कळले नाही.

मी आजोबांना विचारले, ''गच्चीत जाणं वाईट का?'' ते म्हणाले, ''सर, ते वायूवर आहे. क्लोरीन हवेहून जड, तो खाली बसतो. त्याच्यापुढे तळघरात शिराल तर मराल. अमोनिया हवेहून हलका. म्हणून शेजारच्या टाकीत काय आहे ते आधी ठाऊक पाहिजे.'' आणि टाकी म्हणजे मोठा कारखानाच असतो असे नाही. बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात अमोनिया असतो, पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत क्लोरीन असतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीनजीकच्या हाजी बंदरात बेवारस पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन सुटला आणि शंभरावर माणसांना इस्पितळ गाठावे लागले.

त्या रात्रीनंतर मी एका सरकारी कचेरीत गेलो आणि आमच्या भागाची योजना पाहायला मागितली. कारकून अगदी सौजन्याने वागले. म्हणाले, ''योजना आहे ना सर. पण ती आपत्ती आल्यावर लागते.'' मी म्हटले, ''त्या वेळी मी वाचत बसणार कसा?'' ते हसले आणि त्यांनी जाडजूड फाइल काढून दिली. ती संपूर्ण इंग्रजीत होती. ज्यांनी पळायचे ती माणसे मराठीत, हिंदीत नाहीतर भोजपुरीत घाबरतात. आणि त्यांनी कसे पळावे हे इंग्रजीत बांधून कपाटात ठेवलेले!

तिथल्या एका तरुण अधिकारीबाईंनी मात्र लोकांसाठीच्या सूचनांची दोन पाने मला उतरवून दिली. ती मी व्यावहारिक मराठीच्या वर्गात भाषांतराला घेतली. एका मुलाने लिहिले, 'बाधित नागरिकांनी निवासस्थानीच आश्रय घ्यावा.' मी म्हटले, हे तुझ्या आजीला वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी तो लिहून घेऊन आला, 'घरातच थांबा. दारे-खिडक्या लावा. फटींना ओली फडकी लावा.' आजीची परीक्षा माझ्या परीक्षेहून कडक निघाली. 'क्रॉसविंड' या शब्दाशी अर्धा वर्ग झगडत होता, तेव्हा मागच्या बाकावरची कोळीवाड्यातली मुलगी म्हणाली, ''सर, वाऱ्याला आडवं. त्यात काय एवढं?'' आजोबांचाच शब्द! दोन पानांचे एक पान झाले. ते आम्ही त्या बाईंना नेऊन दिले आणि आमच्या इमारतीतही लावले.

या खात्याच्या माणसांना नावे ठेवणे सोपे आहे. प्रदूषण मंडळांत पदे रिकामी असतात, एकेका अधिकाऱ्याकडे पुष्कळ कारखाने असतात. पण गाफीलपणाची किंमत काय पडते ते विशाखापट्टणमला पुन्हा दिसले. ७ मे २०२० च्या पहाटे एल. जी. पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि १२ माणसे गेली. कारखान्यात भोंगा होता, तो वाजलाच नाही. आपल्याकडे केंद्राची पर्यावरण मंजुरी नाही, हे त्या कंपनीने वर्षभर आधीच प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलेले होते. कागद ठाऊक होता. टाकी कोणी पाहिली नाही. भोपाळचा भोंगा बंद झाला त्याला तोवर ३५ वर्षे उलटली होती.

आणि आपत्ती एका रात्रीत संपतही नाही. भोपाळच्या कारखान्यातला सुमारे ३३७ टन घातक कचरा तिथून हलला तो २०२५ च्या जानेवारीत. पिथमपूरला नेऊन त्याच वर्षी तो जाळला. बंब तासाभरात परत जातो. माती, पाणी आणि नुकसानभरपाई यांचा हिशेब मात्र याच खात्याच्या दारात वर्षानुवर्षे पडून राहतो.

तेव्हा वाचकहो, एवढे करावे. पाडव्यानंतर तुमच्या सोसायटीची सभा भरेल. पार्किंगचा आणि पाण्याचा विषय निघेलच. त्यात तिसरा विषय घाला. जिल्हाधिकारी कचेरीला किंवा स्थानिक गटाला एक पत्र लिहा आणि चार प्रश्न विचारा. आमच्या शेजारी कोणती रसायने आहेत? भोंगा कसा वाजेल, आणि धोका टळल्याचा कसा? आम्ही घरात थांबायचे की निघायचे, आणि निघायचे तर कुठल्या वाटेने? यंदाची तालीम कधी? उत्तर मराठीत मागा. उत्तर न आले तर पुन्हा लिहा. मागणी कायद्याला धरून आहे, भीड बाळगण्याचे कारण नाही. आले की ते पाणीकपातीच्या सूचनेशेजारी फळ्यावर लावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना कळले तर समजावे की खात्याचे काम झाले.

दिवाळी सर्वांना सुखाची जावो.