जलवाहन कुटुंबाच्या स्वाधीन करताना

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर, गोव्याच्या समुद्रतीरावर किंवा सह्याद्रीतील जलाशयांच्या काठी व्यवसाय करणारे आहेत. आपल्याकडे जेट स्की हे वाहन आजही प्रामुख्याने व्यावसायिकाच्याच मालकीचे असते आणि कुटुंब त्यावर घटकाभर फेरी मारून निघून जाते. परंतु हेच वाहन कुटुंबाच्या मालकीचे झाले म्हणजे विक्रेता, कारागीर आणि प्रशिक्षक यांच्यावर कोणती जबाबदारी येऊन पडते, याचा विचार करावयाचा असेल तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्याकडे पाहणे उपयुक्त ठरते. दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे त्या राज्याच्या सरकारी दप्तरी नमूद आहेत, आणि वसंतात बर्फ फुटून पाणी मोकळे झाले की सरोवराकाठी घर असलेली कितीतरी कुटुंबे अशा वाहनाच्या खरेदीचा बेत करू लागतात.

हे वाहन मुळात कुटुंबासाठी जन्मलेच नव्हते. क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेतून आकाराला आलेले आणि कावासाकीने १९७३ मध्ये बाजारात आणलेले जेट स्की हे उभे राहून चालवावयाचे, एकट्या धाडसी तरुणाचे वाहन होते. पुढे १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बसून चालविण्याच्या बनावटी आल्या, आसने दोनाची तीन झाली, आणि खुद्द मिनेसोटातील पोलारिस व आर्क्टिक कॅट या कंपन्याही काही वर्षे या धंद्यात उतरल्या. वाहन एकट्याचे होते ते सहकुटुंब झाले; परंतु विक्रीची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. अश्वशक्ती किती, वेग किती, रंग कोणते आणि हप्ता किती, एवढ्या चार प्रश्नांत सौदा पुरा होतो आणि ग्राहक ट्रेलर जोडून चालू लागतो.

आमचे म्हणणे असे की खरेदीखतावर सही झाली म्हणजे विक्री पूर्ण झाली, असे मानण्याचा शिरस्ता या धंद्याने सोडून द्यावा. वाहन पाण्यावर नेऊन, घरातील जी जी माणसे त्यावर बसणार आहेत त्या सर्वांना त्याचा स्वभाव समजावून दिल्यानंतरच ते स्वाधीन झाले असे समजावे.

त्या स्वभावातील पहिली गोष्ट ही, की या वाहनाला सुकाणूचे पाते नाही. तळातून शोषलेले पाणी इम्पेलर ज्या नळीतून मागे जोराने फेकतो, ती नळी डावी-उजवीकडे वळली की वाहन वळते. म्हणजे पाण्याचा झोत आहे तोवरच दिशा हाती आहे. समोर अकस्मात दुसरी नौका किंवा पोहणारे मूल दिसले की नवशिक्या माणसाचा हात भीतीने थ्रॉटलवरून सुटतो, झोत थांबतो, आणि मग हँडल कितीही वळविले तरी वाहन ज्या दिशेने चालले होते त्याच दिशेने घसरत पुढे जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या वाहनांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर क्रीडानौकांच्या अपघातांत माणसे मुख्यतः बुडून मरतात, परंतु या एकाच प्रकारात आघाताने होणारे मृत्यू बुडून होणाऱ्या मृत्यूंहून अधिक आहेत, असे त्यात आढळले. या एका निष्कर्षात आपल्या कर्तव्याची दिशा स्पष्ट आहे. २००९ पासून सी-डूने आणि त्यानंतर यामाहाने वेग आवरण्याची यंत्रणा बसविली, हे अत्यंत स्वागतार्ह आहे. तथापि जुनी वाहने अजून पाण्यावर आहेतच, आणि नव्या वाहनाची ती कळही हाताला सवय झाल्यावाचून ऐन वेळी दाबली जात नाही.

चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही शिकवावे लागते, आणि नेमके त्याच्याकडे दुर्लक्ष होते. वेग एकाएकी वाढला की तोल जाऊन मागचा मनुष्य थेट झोताच्या तोंडाशी पडतो, आणि त्या झोतात शरीराच्या अंतर्भागांना भयंकर इजा करण्याचे सामर्थ्य असते. साध्या पोहण्याच्या वस्त्रांनी तिच्यापासून पुरेसे रक्षण होत नाही, म्हणून जाड वेटसूटची चड्डी घालावी, असा इशारा निर्मातेच वाहनावर चिकटवितात. तो इशारा आजीला आणि नातवालाही तोंडी सांगितला गेला पाहिजे. इंजिन बंद पाडणारी दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जीवरक्षक जाकिटाला अडकविलेली असावी. उलटलेले वाहन मागील चिठ्ठीवर बाणाने दाखविलेल्या दिशेनेच सरळ करावे, अन्यथा इंजिनात पाणी शिरते. आणि शोषणजाळीत दोर किंवा शेवाळ अडकले तर इंजिन बंद करून ते बंद पाडणारी दोरी काढल्याखेरीज हात घालू नये.

निवडीविषयी थोडक्यात सांगतो. मुलांना फुगीर ट्यूबवर बसवून ओढावयाचे असेल तर तीन आसनांचेच वाहन द्यावे, कारण चालक, मागे पाहणारा आणि पाण्यातून वर घ्यावयाचा मनुष्य अशा तिघांची जागा लागते. आसनांपेक्षा वाहनावर लिहिलेली भारमर्यादा महत्त्वाची असून तीन धष्टपुष्ट प्रौढांत ती सहज ओलांडली जाते. तीनशे अश्वशक्तीचे इंजिन लहान सरोवरावर कुटुंबाच्या काहीच कामाचे नाही. निर्माते स्वतःच सोळा वर्षांखालील चालक नसावा असे सांगतात. कायद्याने कमी वयाची मुभा असली तरी विक्रेत्याने निर्मात्याचाच शब्द प्रमाण मानावा.

सरोवर हे कुटुंबाच्या मालकीचे नसते, हेही ग्राहकाला सांगण्याचे काम आपलेच आहे. मिनेसोटात हे वाहन सकाळी साडेनऊपासून सूर्यास्तापूर्वी एक तासापर्यंतच चालविता येते, आणि किनारा, धक्के, पोहणारी माणसे व नांगरलेल्या नौका यांपासून दीडशे फुटांच्या आत लाट न उठेल अशा मंद गतीनेच जावे लागते. उत्तर अमेरिकेत १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात प्रथम आढळलेले झेब्रा शिंपले हे बाहेरून आलेले उपद्रवी जीव २०१० मध्ये मिनेसोटातील मिनेटोंका सरोवरातही सापडले. त्यांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या पंपात राहिलेल्या ओंजळभर पाण्यातूनही प्रवास करतात. म्हणून वाहन बाहेर काढल्यावर काही क्षण इंजिन चालवून पंपातील पाणी फेकणे, तळाची बुचे काढून ठेवणे आणि वाहन पूर्ण वाळविणे हा शेजाऱ्याविषयीच्या आदराचा भाग झाला आहे. आपल्याकडील कित्येक जलाशय तर शहरांच्या पिण्याच्या पाण्याचे आहेत. तेथे जलसंपदा विभागाची परवानगी हा किमान भाग असून तेलाचा एक थेंबही पाण्यात जाणार नाही अशी तजवीज व्यावसायिकाने आपण होऊन केली पाहिजे.

देखभालीत आमच्या कारागीर बंधूंना नवे काय सांगावे! तरी ग्राहकाला दोन गोष्टी करून दाखवाव्यात. नळाने इंजिन धुताना आधी इंजिन सुरू करावे व मग पाणी सोडावे, आणि थांबविताना आधी पाणी बंद करावे व मग इंजिन; हा क्रम चुकला तर पाणी निष्कास मार्गातून उलट सिलिंडरांत शिरते. दुसरी गोष्ट, ज्या इंजिनांत शीतनासाठी सरोवराचेच पाणी फिरते, त्यांत हिवाळ्यापूर्वी राहून गेलेले पाणी गोठून धातूला तडा जातो, म्हणून ते कसे काढावे ते दाखवावे.

सर्वांत अधिक काळजी वाटते ती जुन्या वाहनाच्या खरेदीदाराची. त्याला दुकान नाही, पुस्तिका बहुधा हरवलेली, आणि आधीच्या मालकाने किल्ली हातात देऊन काय सांगितले असेल ते देवालाच ठाऊक. वेअर रिंग झिजली आहे, वेग पकडताना खरखर येते, अशी तक्रार घेऊन तो जेव्हा प्रथम आपल्या कार्यशाळेत येतो, तेव्हा या धंद्यातील जाणकार माणसाशी त्याची ती पहिलीच गाठ असण्याचा संभव असतो. पंप उघडलेला असतानाच नळी त्याच्यासमोर डावी-उजवीकडे फिरवून दाखवावी, झोत नसताना ती काहीच करू शकत नाही हे त्याच्या डोळ्यांनी पाहू द्यावे, आणि घरी अजून कोण कोण चालविते हे विचारून पुढच्या वेळी त्यांनाही बरोबर आणावयास सांगावे. त्याचे मूल्य देयकात लावू नये.