राष्ट्र कुणाचे?



वर्षावासानिमित्त बुरोंडीच्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या रात्री पाऊस धो धो कोसळत होता. वीज गेलेली. वाचन संपले, सरणत्तय झाले, चहा आला आणि नेहमीप्रमाणे गप्पा राजकारणावर घसरल्या. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला एक तरुण खिशाला पक्षाचा बिल्ला लावून बसला होता. पक्ष कुठला, ते येथे सांगण्याची गरज नाही. राष्ट्र, धर्म आणि परंपरा या तीन शब्दांवर उभा असलेला पक्ष, एवढे पुरे.

एका वडीलधाऱ्यांनी त्याला फटकारले, “बाबासाहेबांचे खातोस आणि झेंडा कुणाचा धरतोस?”

पोरगा शांतपणे म्हणाला, “तात्या, माझी आई आजारी पडली तेव्हा आपल्या सगळ्या गटांच्या पुढाऱ्यांना मी फोन केले. एकानेही उचलला नाही. या लोकांनी रात्री दोन वाजता गाडी पाठवली, हॉस्पिटलात खाट मिळवून दिली. आणि देशावर प्रेम करा म्हणतात, त्यात वाईट काय आहे?”

विहारात कोणी काही बोलले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही त्या वेळी नीट उत्तर सुचले नाही. देशद्रोही, गद्दार, विकलेला, असे शब्द तोंडाशी आले होते. पण आईसाठी धावलेल्या मुलाला गद्दार म्हणणे हा काही धम्म नव्हे. म्हणून त्या रात्रीचे राहिलेले उत्तर आज लिहीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की असले पक्ष केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. फ्रान्समध्ये १९७२ साली निघालेला नॅशनल फ्रंट २०१८ पासून नॅशनल रॅली या नावाने चालतो. इटलीत २०१२ साली स्थापन झालेल्या ‘ब्रदर्स ऑफ इटली’च्या जॉर्जिया मेलोनी २०२२ साली पंतप्रधान झाल्या. पोलंडमध्ये ‘कायदा आणि न्याय’ नावाच्या पक्षाने २०१५ ते २०२३ अशी आठ वर्षे राज्य केले. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान यांच्या फिडेस पक्षाने २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा चार निवडणुका ओळीने जिंकल्या. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण सूर एकच. आपले राष्ट्र फार जुने व थोर आहे, त्याचा एक धर्म व एक संस्कृती आहे, बाहेरचे लोक ती बिघडवीत आहेत, आणि हे सारे वाचवायला एक खंबीर नेता हवा.

गरीब माणूस या पक्षांकडे का जातो? मूर्ख म्हणून नव्हे. पोलंडच्या त्या पक्षाने २०१६ साली मुलांच्या संगोपनासाठी दरमहा ५०० झ्लोटी, म्हणजे तेथील नाण्यात पाचशे, कुटुंबाला देण्यास सुरुवात केली. गरीब घरात त्या पैशाने चूल पेटली. उदारमतवादी म्हणवणाऱ्यांना ही चूल आधी दिसली नव्हती. आमच्या बुरोंडीच्या पोराची गोष्ट याहून फार निराळी नाही. तेव्हा हे पक्ष काहीच देत नाहीत, असे म्हणून चालणार नाही. ते देतात. प्रश्न आहे तो देताना ते आपल्याला घरातला माणूस समजतात की दारातला, एवढाच.

हंगेरीचे उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. त्या देशात रोमा नावाचा समाज आहे. त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून गेलेले. आजही अनेक ठिकाणी त्यांची वस्ती गावाबाहेर, शाळेत मुलांचे वर्ग वेगळे. या समाजात काम करणाऱ्या काही कार्यकर्त्यांच्या हाती बाबासाहेबांचे चरित्र पडले. तिबोर देरदाक आणि यानोश ओर्शोश यांनी बुद्धाचा मार्ग धरला, महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या पाहिल्या आणि २००७ साली शायोकाझा या खेड्यात डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली. हजारो मैलांवर एक रोमा पोर ‘जयभीम’ म्हणते, हे वाचून कुणाचा ऊर भरून येणार नाही?

त्याच देशात द्योंद्योशपाता नावाच्या गावी रोमा मुलांना वर्षानुवर्षे वेगळ्या वर्गात बसवले गेले. पालक न्यायालयात गेले. २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांना नुकसानभरपाई द्यावी, यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा स्वतः पंतप्रधानांनीच त्या भरपाईवर जाहीर टीका केली होती. काम न करता पैसा मिळाला तर बाकीच्या गावाला काय वाटेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. बघा, मुलांचे बालपण गेले त्याचे दुःख नाही. बाकीच्या गावाला काय वाटेल, याची काळजी! मग प्रश्न पडतो, रोमा त्या गावाचे नव्हते काय?

हा प्रश्न आम्हा कोकणी माणसांना नवीन नाही. बुरोंडीत परशुरामाचा भव्य पुतळा उभा आहे. पर्यटक येतात, फोटो काढतात. कोकणची भूमी परशुरामाने समुद्र हटवून निर्माण केली, अशी कथा सांगतात. कथेत जमीन परशुरामाची आणि दप्तरात जमीन खोताची. जो नांगर धरीत होता, चिखलात उभा राहून लावणी करीत होता, त्याचे नाव कथेत नाही आणि दप्तरातही मालक म्हणून नाही. तो कुळ, नाहीतर वेठबिगार.

त्या कुळाचे नाव कायद्यात यावे म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्यात महार होते तसे कुणबीही होते, आगरीही होते. पक्षाचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष. तेव्हाच्या काँग्रेस सरकारने ते विधेयक मंजूर होऊ दिले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. जे तेव्हा परंपरेच्या नावाने खोतीची बाजू घेत होते, त्यांचेही राष्ट्रावर प्रेम होतेच. पण त्यांच्या राष्ट्रात कूळ बसत नव्हते.

पुढे राज्यघटना तयार झाली तेव्हा ३० नोव्हेंबर १९४९ च्या अंकात ‘ऑर्गनायझर’ या संघविचाराच्या साप्ताहिकाने, घटनेत मनूच्या कायद्याचा उल्लेखही नाही, अशी खंत व्यक्त केली. हिंदू कोड बिलाने बायकांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क मिळणार होता. त्याला हिंदुत्ववादी संघटनांनी विरोध केला आणि काँग्रेसमधील सनातन्यांनीही केला. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. आमच्या भगिनींनी हे विसरू नये. परंपरा वाचवा म्हणणाऱ्याला आधी विचारावे, कुठली परंपरा, आणि तिचे ओझे कुणाच्या डोक्यावर?

मुंबईच्या चाळींत राहिलेल्या आमच्या कुटुंबांना महाराष्ट्राचा इतिहास पाठ आहे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली ती मराठी माणसाच्या नोकरीसाठी. आमची माणसेही मराठीच, तीही याच कोकणातली. पण जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली तेव्हा दलित पँथर आणि शिवसेना समोरासमोर होते. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. १९८७ साली ‘रिडल्स’ प्रकाशित झाल्यावर तो मजकूर काढावा म्हणून आंदोलन झाले आणि त्याला उत्तर म्हणून १९८८ च्या फेब्रुवारीत आपला समाज लाखोंनी मुंबईत उतरला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे गेली, तेव्हा राज्यात युतीचे सरकार होते.

अर्थात, दोष एकाच बाजूला टाकून मोकळे होणे हा प्रामाणिकपणा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत बहुतेक काळ पुरोगामी म्हणवणाऱ्यांचीच सरकारे होती. हेही नाकारू नये की लंडनमधील बाबासाहेबांचे घर २०१५ साली राज्य शासनाने घेतले आणि २६ नोव्हेंबर हा संविधान दिन त्याच वर्षी जाहीर झाला, तेव्हा सत्तेवर राष्ट्र आणि परंपरा म्हणणारेच पक्ष होते. चांगले झाले ते चांगले. पण त्याच काळात, २०१९ साली, आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के आरक्षण आले आणि त्यातून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास यांतील गरीब वगळला गेला. बहुतेक सगळ्याच पक्षांनी त्याला हात वर केले. पुतळ्याला हार घालणे सोपे असते. पुतळ्याखाली बसलेल्या माणसाला बरोबरीने पंगतीत घेणे अवघड असते.

म्हणून त्या मुलाला आणि त्याच्यासारख्या सर्वांना आमचे सांगणे एवढेच. देशावर प्रेम जरूर करा. बाबासाहेबांइतके प्रेम या देशावर फार थोड्यांनी केले. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनीच बजावले होते की हजारो जातींत विभागलेले लोक आपोआप राष्ट्र होत नाहीत, आणि राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते. तेव्हा बिल्ला लावण्यापूर्वी कोणत्याही पक्षाला, आपल्या पक्षालासुद्धा, तीन प्रश्न विचारा. तुमच्या राष्ट्रात आम्ही आमच्या धम्मासह बसतो काय? आमच्यावर अन्याय झाला तर तुम्ही आमच्या बाजूने पोलीस ठाण्यात याल काय? आणि तुमच्या नेत्याची चूक तुमच्याच सभेत उभे राहून सांगता येईल काय? तिन्हींना ‘होय’ असे उत्तर मिळाले तर खुशाल जा. नाही मिळाले तर खाटेबद्दल मनापासून आभार माना, पण मत गहाण ठेवू नका. खाट ही त्यांची मेहेरबानी नव्हती. ती सरकारी हॉस्पिटलातली, आपल्या सर्वांच्या करातून आलेली खाट होती.

आणि शेवटचा प्रश्न आम्हालाच. त्या रात्री फोन का उचलला गेला नाही? रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला, त्याचे किती तुकडे झाले हे मोजण्यात आता अर्थ नाही. पण प्रत्येक तुकड्याला अध्यक्ष आहे, लेटरपॅड आहे, फक्त रात्री दोनला धावणारा माणूस नाही. जेथे आपण नसू तेथे दुसरे कोणी असणारच. पोलंडच्या गरिबाने तेच केले, बुरोंडीच्या पोरानेही तेच केले.

म्हणून गावच्या मंडळाच्या बैठकीत आम्ही एक सूचना मांडली आणि ती मान्य झाली. विहाराच्या भिंतीवर एक पाटी लागली आहे. तिच्यावर पाच माणसांची नावे आणि फोन नंबर आहेत. आजारपण, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सातबारा, पोलीस ठाणे, कशासाठीही हाक मारावी. रविवारी सकाळी अर्ज लिहून देण्याचे काम आमच्याकडे. हिशेब आणि अर्ज, एवढेच आम्हाला येते.

पाटीवरचे पाचवे नाव त्या मुलाचे आहे. मुंबईतल्या हॉस्पिटलात कुठे कुणाला भेटायचे, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बिल्ला त्याने काढलेला नाही, आम्हीही काढायला सांगितलेला नाही. ते तीन प्रश्न मात्र कागदावर लिहून दिले आहेत. पुढच्या खेपेला येताना तो उत्तरे आणील, अशी आशा आहे.

जयभीम!