चाळिशी म्हणजे बग नव्हे

'पुरुषांनाही मेनोपॉज येतो' अशी जाहिरात हल्ली दर दोन दिवसांनी मोबाईलवर टपकते. खाली प्रश्नावली. थकवा येतो? चिडचिड होते? पोट सुटलंय? कामात लक्ष लागत नाही? चारातल्या तीनला 'हो' म्हटलं की तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी! आता मला सांगा, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचून रात्री अकराला अमेरिकेचा कॉल घेणाऱ्या कुठल्या माणसाला या चारही गोष्टी नाहीत? 'नाही' म्हणणारा एकतर रजेवर आहे किंवा खोटं बोलतोय.

मुळात मेनोपॉज हा शब्दच इथे चुकीचा. बायकांमध्ये अंडाशयाचं काम थांबतं, पाळी बंद होते. पुरुषांत वयामुळे असं काही बंद पडत नाही. तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं, आणि तेही सगळ्यांचं सारखं नाही. वजन वाढलं, मधुमेह जडला, झोपेचं खोबरं झालं की उतार जास्त. सिस्टीम क्रॅश होणं आणि हळूहळू स्लो होणं यातला फरक निदान आपल्याला तरी कोणी शिकवायला नको!

मग खरोखर कमतरता असलेले किती? युरोपात आठ ठिकाणी 40 ते 79 वयाच्या तीन हजारांवर पुरुषांना तपासून केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणंही आहेत आणि रक्तातलं प्रमाणही कमी, असे निघाले 2.1 टक्के. म्हणजे शंभरात दोन.

उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना माल कसा खपवायचा, हा धंद्याचा खरा प्रश्न. त्यावरचा उपाय म्हणजे 'फुल बॉडी पॅकेज'. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वात जास्त असतं, दिवसभरात उतरतं. म्हणून तपासणी सकाळी, उपाशीपोटी करायची आणि कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करायची, असा नियम आहे. इथे ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी रक्त द्या, रिपोर्टमध्ये एक आकडा लाल दिसला की लगेच पुढच्या पॅकेजसाठी फोन सुरू. चुकीच्या वेळचा डेटा घेऊन काढलेल्या निष्कर्षाला आपण कोड रिव्ह्यूमध्ये काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही.

'पण घेतलं तर बिघडतं काय?' असं विचारणारे मित्र माझ्याच वयाचे आहेत, म्हणून हे सांगणं जास्त गरजेचं. हा सगळा फीडबॅक लूप आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि तो वृषणांना पाठवायचे सिग्नल कमी करतो. शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी पार थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये जे संशोधन छापलं त्यात दर आठवड्याचं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चक्क पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, आणि ते चाललंही! आणि आमचे जिममधले वीर 'मर्दानगी' वाढवायला तेच टोचून घेतात. वर्षभराने मूल हवंय म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर सिग्नल परत यायला कित्येक महिने वाट बघावी लागते, काहींना त्याहून जास्त.

थकवा जातो म्हणावं, तर तेही नाही. 2016 मध्ये अमेरिकेत पासष्टीपुढच्या, कमतरता असलेल्या 790 पुरुषांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. लैंगिक इच्छा थोडी सुधारली, उत्साहात म्हणावा असा फरक नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2015 मध्येच लेबलवर लिहायला लावलं, की निव्वळ वयामुळे झालेल्या घटीसाठी याचा फायदा सिद्ध झालेला नाही. 2023 च्या मोठ्या चाचणीत हार्ट अटॅक वाढलेले दिसले नाहीत, हे कबूल. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी अडकणं हे औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं. ज्याला खरी कमतरता आहे त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावं. माझं भांडण औषधाशी नाही, दुकानाशी आहे.

हा हव्यास जुनाच. आपल्या ययातीने पोराचं तारुण्य मागून घेतलं. पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने 1889 मध्ये कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला आणि 'तरुण झालो' म्हणून जाहीर केलं. त्या अर्कात हार्मोन नसल्यातच जमा होतं. गुण आला तो निव्वळ विश्वासाचा!

पण दुकान चालतं ते आपल्या गप्प बसण्यावर, हेही सांगायला हवं. पन्नाशीतले बाबा चिडचिडे झाले की घरात 'म्हातारचळ' म्हणून हसायचं, आणि बाबांनी कोणालाच काही सांगायचं नाही. त्या चिडचिडीमागे डिप्रेशन असू शकतं, थायरॉइड असू शकतं, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकत असू शकतो. लिंगाला ताठरता न येणं ही तर कधीकधी हृदयविकाराची आगाऊ नोटीस असते. जाहिरातवाल्याने जेल विकलं, की ही नोटीस फाडून टाकल्यासारखंच.

आणि आपल्यासाठी? 2011 च्या एका छोट्या प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलं. आपले किती आठवडे असे गेले, मोजा. पॅकेजचे पैसे वाचवा, रात्रीचा कॉल कोणाच्या तरी गळ्यात मारा आणि झोपा. आणि या रविवारी बाबांना घरी फोन करून तब्येत विचाराल तेव्हा 'ठीक आहे' या उत्तरावर फोन ठेवू नका.