एका गुंठ्यावर पाच टँकर

माणदेशात वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हा शाळेतला हिशेब. त्या हिशेबाने एका गुंठ्यावर 50 हजार लिटर पाणी पडतं. 10 हजारांचे पाच टँकर. एकराला दोनशे! तरी चैत्र-वैशाखात आपण टँकरमागे हंडे घेऊन धावतो. पडलेलं पाणी उताराने माती घेऊन ओढ्याला लागतं. याला नशीब म्हणायचं आम्ही आजपासून सोडत आहोत.

आमची चळवळ पर्माकल्चरची. टास्मानियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांच्या 1978 च्या ‘पर्माकल्चर वन’ या पुस्तकाने हा विचार जगापुढे मांडला. माती सांभाळा, माणूस सांभाळा, गरजेहून जास्त आलं ते वाटून टाका. आमच्या आज्यांना यात काही नवल वाटलं नसतं. पण जुनं ते सगळं सोनं, असलं काही आम्ही म्हणणार नाही. आम्हाला हवी आहे ती आखणी: काय कुठे ठेवायचं, आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी कसं लावायचं. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात जावं. रोजची कोथिंबीर-मिरची स्वयंपाकघराच्या दाराशी असावी, वर्षातून एकदा झोडायची चिंच लांब बांधावर.

सुरुवात पाण्यापासून. तीन बांबू, सुतळी आणि एक दगड, एवढंच सामान. दोन बांबू शेंड्याला बांधून खाली फाकवा, मध्ये तिसरा आडवा बांधा, शेंड्यावरून दगड लावलेली सुतळी सोडा. आडव्या बांबूवर ती जिथे येते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये सुतळी आली की दोन्ही पाय एका पातळीत. ही चौकट रानभर फिरवत खुंट्या ठोका, त्या ओळीने चर खणा, माती खालच्या अंगाला टाका आणि तिच्यावर शेवगा, तूर, गिरिपुष्प लावा. भारी काळ्या रानात पाणी तुंबतं. तिथे सांडवा आधी काढा, मग चर.

बोअरच्या पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं शेततळं आमच्या लेखी उपाय नव्हे. जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचा तो प्रकार आहे. उसाचं पाचट आम्ही पेटवणार नाही. आणि पर्माकल्चरच्या नावाने शनिवार-रविवारी भरणारी महागडी शिबिरं, त्यांची प्रमाणपत्रं? ज्यांना परवडतात त्यांनी खुशाल घ्यावीत. आमच्याकडे शिकायला पैसे पडणार नाहीत. शिकलेल्याने पुढच्या दोन घरांना शिकवायचं, हीच फी.

सगळं रान एकदम मोडू नका. येत्या मृगाआधी फक्त एक गुंठा या कामाला द्या, शेजाऱ्यालाही द्यायला लावा. चर मात्र माथ्याकडून पायथ्याकडे काढत या. खालून सुरू केलेला चर पहिल्याच वळवात फुटतो.