मणक्याचे दुखणे : शल्यविशारदाची पायरी केव्हा चढावी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. पाठीच्या दुखण्याच्या बाबतीत पुष्कळ कुटुंबे शल्यविशारदाच्या दवाखान्यालाही हाच न्याय लावतात. ‘तिकडे गेलो की ऑपरेशनच सांगणार’, ‘मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळला’, ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. याच्या अगदी उलट वागणारेही काही थोडे नाहीत. एमआरआयच्या अहवालात ‘नस दबली आहे’ एवढे वाचताच ते धास्तावतात आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरवून मोकळे होतात.

वरवर पाहता या दोन प्रवृत्ती परस्परविरोधी वाटतात. पण दोघांचा निर्णय एकाच गोष्टीवर उभा असतो, तो म्हणजे भीती. आणि भीतीचे माप असते वेदना. फार दुखते म्हणून धावायचे, दुखणे उतरले म्हणून थांबायचे. वास्तविक, शल्यविशारदाकडे जावे की नाही आणि किती तातडीने जावे, हे ठरवताना वेदनेची तीव्रता हा दुय्यम निकष आहे. मुख्य प्रश्न असा की, दबलेली नस आपले काम करते आहे की नाही? या एका प्रश्नाभोवती सारा विचार कसा फिरतो, ते आज पाहू.

दबते ते काय?

मान, पाठ आणि कंबर मिळून आपल्या कण्यात २४ सुटे मणके असतात. त्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि प्रौढ माणसात साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा एक जुडगा लोंबत असतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला पाश्चात्य वैद्यकात तसेच नाव मिळाले आहे. यातील एकेक मज्जातंतू, म्हणजे व्यवहारात आपण जिला नस म्हणतो ती, दोन मणक्यांमधून बाहेर पडून पायाकडे जाते.

दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. कडे फाटून गर मागे सरकला की तो नसेवर टेकतो. कमरेच्या तळच्या दोन गाद्यांत हे सर्वाधिक घडते. मग कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीत व पावलात वीज चमकल्यासारखी कळ जाते. हीच सायटिका, आयुर्वेदातील गृध्रसीचे वर्णन याच दुखण्याशी जुळते. गादी सरकल्याने नस दबते व त्यातून हे दुखणे उद्भवते, ही गोष्ट अमेरिकेतील बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ साली ठळकपणे मांडली आणि या शस्त्रक्रियेला शास्त्रीय पाया मिळाला.

कळ आणि दुर्बलता

आता दोन रुग्ण कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. एक गृहस्थ तीन आठवडे पायातील कळेने हैराण आहेत. रात्री झोप नाही, खुर्चीत दहा मिनिटे बसवत नाही. मात्र ते टाचांवर चालू शकतात, चवड्यांवर उभे राहू शकतात, लघवी-शौचाची काही तक्रार नाही. दुसऱ्या एक गृहिणी आहेत. त्यांनाही अशीच कळ होती, पण गेल्या चार दिवसांत ती बरीच ओसरली. घरच्यांना हायसे वाटले. फक्त चालताना उजव्या पायातील चप्पल सारखी निसटते आणि उंबरठ्याला अंगठा ठेचकाळतो.

या दोघांपैकी शल्यविशारदाकडे आधी कोणी जावे? घरातील बहुतेक जण पहिल्या गृहस्थांकडे बोट दाखवतील. खरे उत्तर गृहिणी हे आहे. त्यांचे पाऊल वर उचलणारी नस दमू लागली आहे. अतिशय दबलेली नस कळ पाठवणेही सोडून देते. तेव्हा दुखणे कमी होऊन दुर्बलता वाढत असेल, तर तो आराम फसवा समजावा. नसेवरचा दाब किती काळ राहिला आणि दुर्बलता किती झाली, यावर गेलेली शक्ती परत येण्याची शक्यता बरीच अवलंबून असते.

म्हणून घरच्या घरी एक साधी पाहणी करता येते. भिंतीचा किंवा कुणाच्या तरी हाताचा आधार जवळ ठेवून दहा पावले टाचांवर चालावे, दहा चवड्यांवर. मग एका वेळी एकाच पायावर उभे राहून टाच चार-सहा वेळा उचलून पाहावी. पायाचा अंगठा वर ओढावा आणि दुसऱ्याने तो बोटाने दाबून पाहावा. उजव्या-डाव्या बाजूंत फरक आढळला, तर तो कागदावर तारखेसह लिहून ठेवावा. ही पाहणी म्हणजे निदान नव्हे. पण ‘पायात ताकद कमी वाटते’ या मोघम वाक्यापेक्षा डॉक्टरांना तिचा उपयोग अधिक होतो.

एक तासही थांबू नये, अशी लक्षणे

पाठदुखी किंवा सायटिका असताना लघवीची भावना कळेनाशी झाली, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, खोगीर टेकेल त्या भागाला, म्हणजे जांघेत व गुदद्वाराभोवती, बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांतील शक्ती भराभर कमी होऊ लागली, तर मज्जातंतूंचा तो संपूर्ण जुडगाच दाबला जात असण्याची शंका घ्यावी. अशा वेळी बाह्यरुग्ण विभागाची वेळ किंवा सोमवार उजाडण्याची वाट न पाहता मणक्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याच घटकेला जावे. यातील उशीर तासांत मोजला जातो आणि त्याची किंमत कायमची असू शकते. संकोचामुळे ही लक्षणे, विशेषतः स्त्रिया, घरातही बोलून दाखवत नाहीत. म्हणून पाठीच्या प्रत्येक रुग्णाला घरच्यांनी हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा.

काही दिवसांत भेट घ्यावी, अशी लक्षणे

पाऊल किंवा गुडघा यांची नव्याने आलेली अथवा वाढत जाणारी दुर्बलता हे यातील पहिले. दुसरे मानेचे. मानेत नसेऐवजी मज्जारज्जूच दाबला जाऊ लागला, तर दुखणे नाममात्र असू शकते. पण शर्टाची बटणे लागत नाहीत, भात कालवून घास करताना बोटे अडखळतात, अक्षर बिघडते, अंधारात तोल जातो. ‘वयोमानाने होतेच’ म्हणून हे टाळले जाते, आणि तिथेच घात होतो. हा दाब पुष्कळदा टप्प्याटप्प्याने वाढत जातो. तेव्हा शल्यविशारदाचे मत लवकर घ्यावे. मान झटक्याने ‘मोडून’ घेण्याचा प्रयोग तर अशा अवस्थेत मुळीच करू नये.

तिसरा प्रकार वेगळा. ताप, वजन घटणे, रात्री विसाव्यातही न थांबणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी यांची चौकशी त्वरित व्हावी. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो आणि वेळेत ओळखला तर पुष्कळ रुग्ण केवळ औषधांनी बरे होतात.

थांबणे हेही उपचारच

ही लक्षणे नसतील, तर सायटिकाच्या बहुसंख्य रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतार पडतो. सरकलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. एमआरआयमध्ये भयंकर दिसणारे, गादीपासून सुटलेले मोठे तुकडे तर अनेकदा अधिक चांगले विरघळतात. या काळात अंथरुणाला खिळून राहू नये. सोसेल तेवढे चालावे, भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने व्यायाम करावा आणि वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड व जठराचा विचार करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. टाचा-चवड्यांची पाहणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी चालू ठेवावी.

सहा आठवड्यांनंतरही कळ असह्य असेल तर? इथे नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास मार्गदर्शक ठरतो. २००७ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया सुचवली गेली आणि उरलेल्यांना थांबण्यास सांगून गरज पडल्यास नंतर शस्त्रक्रिया देऊ केली. पायाची शक्ती फार गेलेले रुग्ण यात घेतले नव्हते. पहिल्या गटाला साधारण ४ आठवड्यांत बरे वाटले, दुसऱ्याला सुमारे १२. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतलीच. पण वर्ष संपताना दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. नस काम करते आहे आणि प्रश्न केवळ कळेचा आहे, अशा वेळी शस्त्रक्रिया मुख्यतः वेळ वाचवते. हातावर पोट असलेल्या माणसाला दोन महिने लवकर कामावर जाणे मोलाचे वाटेल. ज्याला रजा व विसावा शक्य आहे, तो थांबणे पसंत करील. दोन्ही निर्णय योग्यच. इथे शल्यविशारद माहिती देतो. निवड रुग्णाने करायची असते.

वयस्कांमध्ये नसांची वाटच अरुंद होऊन पाय दुखतात. थोडे चालले की पाय भरून येतात, कट्ट्यावर बसले किंवा पुढे वाकले की मोकळे वाटते. यातही व्यायाम व औषधे आधी येतात. पण देवळापर्यंत जाणेही बंद झाले असेल, तर वयाकडे बोट दाखवून सल्ला टाळू नये.

चित्रावर नव्हे, माणसावर उपचार

एमआरआयचा अहवाल वाचून घाबरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात असावी. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २० वर्षे वयाच्या ३० टक्के, ५० वर्षांच्या ६० टक्के आणि ८० वर्षांच्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली आढळली. केसांप्रमाणे गाद्याही पिकतात. म्हणून चित्रातील दोष आणि पायातील लक्षणे एकाच नसेकडे निर्देश करतात का, हे जुळणे अत्यावश्यक आहे. अहवालात डावी नस दबलेली आणि दुखतो उजवा पाय, अशा स्थितीत शस्त्रक्रिया कुचकामी ठरेल. तसेच दोन्ही तळपायांना मोजे घातल्यागत मुंग्या येत असतील, तर मूळ मधुमेहात किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत असू शकते. मणक्याची शस्त्रक्रिया तिथे काय करणार?

भेटीला जाताना

शल्यविशारदाची भेट म्हणजे शस्त्रक्रियेला संमती नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञ आणि मज्जासंस्थेचे शल्यविशारद, दोघेही ही शस्त्रक्रिया करतात. मणक्याचे काम त्यांच्याकडे नियमित होते का, हे महत्त्वाचे. घरातील एका शांत माणसाला सोबत न्यावे, सर्व तपासण्या, औषधांची यादी व तारखांची टिपणे घ्यावीत आणि पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत.

१. माझी नेमकी कोणती नस दबली आहे आणि तपासणीत तसे दिसते का?
२. थांबलो तर काय बिघडेल, आणि काय झाले तर लगेच परत यावे?
३. शस्त्रक्रियेने पायाची कळ, पायाची शक्ती, बधिरपणा आणि कंबरदुखी यांपैकी काय सुधारेल?
४. केवळ नस मोकळी करणार की स्क्रू बसवणार? स्क्रू कशासाठी?
५. धोके कोणते, पुन्हा त्रास होण्याची शक्यता किती, आणि एकूण खर्च किती?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्षपूर्वक ऐकावे. गादीची शस्त्रक्रिया पायातील कळेवर उत्तम चालते. निव्वळ कंबरदुखीवर तिचा भरवसा कमी असतो, आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो. चौथा प्रश्नही खर्चापुरता नाही. केवळ एका सरकलेल्या गादीमुळे पाय दुखत असेल, तर सहसा स्क्रूंची गरज पडत नाही. ज्यांना ती खरोखरच आहे, त्यांनी तंबाखू व धूम्रपान आधी सोडावे, कारण त्यामुळे हाड जुळण्यात अडथळा येतो.

डॉक्टरांनी पायांना हात न लावता, प्रतिक्षिप्त क्रिया न तपासता केवळ फिल्म पाहून तारीख दिली, तर दुसरे मत अवश्य घ्यावे. तातडीची लक्षणे नसताना एक आठवडा विचाराला घेतल्याने काही बिघडत नाही आणि प्रामाणिक शल्यविशारद त्याचा राग मानत नाही.

घरात कुणाला असे दुखणे असेल, तर आजपासून ‘किती दुखते?’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत : पाऊल उचलते का? लघवी नीट होते का? बोटे पूर्वीसारखी चालतात का? एकाचे जरी उत्तर ‘नाही’ आले, तर वेदना कमी असली तरी वाट पाहू नये. तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल आणि ताप, वजन घटणे, मार लागणे यांपैकी काही नसेल, तर वेदना पुष्कळ असली तरी निर्णयाला वेळ आहे, हा धीर रुग्णाला द्यावा.