खुर्चीला लाल बटण पाहिजे!

वर्कशॉपमध्ये लेथला हात लावू देण्याआधी सरांनी काय दाखवलं होतं, आठवतंय? ते छत्रीच्या आकाराचं लाल इमर्जन्सी बटण! मशीन चालू कसं करायचं ते नंतर, बंद कसं करायचं ते आधी. आता डेंटिस्टची खुर्ची डोळ्यांसमोर आणा. आपण आडवे, तोंडावर दिवा, तोंडात नळी, कापूस आणि दुसऱ्याचे हात. बोलता येत नाही, काय चाललंय ते दिसत नाही. आणि बटण? नाहीच! मग माणूस घाबरला तर त्यात त्याचं काय चुकलं?

मित्रहो, हा विषय हसण्यावारी नेऊ नका. आपल्या द्रोणागिरीच्या हॉस्टेलवर दाढ दुखली की आधी लवंग, मग मेडिकलमधून पेनकिलर, मग "सबमिशन झालं की बघू." खरं कारण सबमिशन नसतंच, भीती असते. पण मुलांच्या विंगमध्ये तसं बोलायची सोय नाही. (भीतीने 'दातखिळी बसते' हा शब्दप्रयोग मला इथे येऊन कळला, कॉन्व्हेंटची कृपा! पण काय नेमका आहे!) आमच्या विंगमधल्या एकाने दोन महिने गोळ्यांवर काढले. फिलिंगवर भागणारं काम रूट कॅनॉलवर गेलं. कंट्रोल सिस्टिम्समधला पॉझिटिव्ह फीडबॅक तो हाच. भीतीने जाणं टळतं, टळल्याने दात बिघडतो, मग ट्रीटमेंट मोठी आणि भीती त्याहून मोठी. वर आणखी एक गंमत म्हणजे पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिर करायचं औषध तिथे नीट लागू पडत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त घाबरणारा उशिरा जातो, आणि दुखण्याची शक्यताही त्यालाच जास्त!

मला एका दवाखान्यात ऐकावं लागलं होतं, "एवढा घोडा झालास आणि सुईला घाबरतोस?" त्याने धडधड काही कमी झाली नाही, ती लपवायचं काम मात्र वाढलं. दुसरीकडे एका डॉक्टर मॅडमनी आधीच सांगितलं, "डावा हात वर केलास की मी थांबणार. कारण विचारणार नाही." मी दोनदा हात वर केला. एकदा खरंच दुखलं म्हणून, आणि एकदा नुसतं बघायला, की त्या थांबतात का! थांबल्या. मग पुढची वीस मिनिटं हात आपोआप पोटावर राहिला.

त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली, ती मला आधी कुणीच सांगितली नव्हती. बधिर करायला बहुतेक वेळा लिग्नोकेन देतात. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं. औषध जास्त वेळ टिकावं म्हणून त्यात बऱ्याचदा थोडं ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. त्यामुळे इंजेक्शननंतर काही मिनिटं छाती धडधडू शकते. हे माहीत नसलं की वाटतं, संपलं सगळं! मग आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती अजून चढते. अशा वेळी "मोठा श्वास घे" म्हणणारे मित्र नकोत. श्वास नाकाने, हळू, आणि सोडताना जास्त वेळ लावून सोडायचा.

काही जण म्हणतील, हे सगळे लाड आहेत. १९६९ मध्ये नॉर्मन कोरा यांनी ही भीती मोजण्यासाठी चार प्रश्नांची पट्टी तयार केली. जी गोष्ट मोजायला पट्टी लागते तिला लाड म्हणणं इंजिनिअरला शोभत नाही! डॉक्टरांना गर्दीत वेळ नसतो हे मान्य. पण "मला भीती वाटते, हात वर केला तर थांबाल का?" एवढं विचारायला दहा सेकंद लागतात. त्यावर जे हसतील त्यांच्या खुर्चीतून सरळ उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र कुणाची वाट बघू नका. त्याच रात्री वॉर्डन सरांना उठवा आणि हॉस्पिटल गाठा. एरवी आपल्या उरण लाइनची लोकल थेट नेरूळला जाते आणि तिथे डी. वाय. पाटील आणि तेरणा अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. जर्नल्स घेऊन जा, वेळ लागतो. आणि एकट्याने जायचं नसेल तर मला हाक मारा, शनिवारी दुपारनंतर मी मोकळाच असतो.